राखेचा पंप आणि दहा इंची पुली

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला फोन वाजला. साखर कारखान्यातल्या पंप हाऊसचे मिस्त्रीमामा. मी नुकतीच शेगडीवर चहा ठेवला होता.

"ताई, काय सांगायचं, तुमचा माल बंडल हाय ह्या टायमाला. चोवीस दिवसांत पार चाळण झालीया."

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या शेडमधून गेलेल्या इंपेलरला (पंपात फिरून पाणी फेकणारं पाकळ्यांचं चाक) 'बंडल' म्हणणारा फोन माझ्या आधी शेड सांभाळणाऱ्या आण्णांच्या काळातही आला नव्हता, असं मी म्हणणार नाही. आला होता, आणि दोनदा तर आमचीच चूक निघाली होती. त्यामुळे मी भांडले नाही. "काढून ठेवा, धुऊ नका, मी येते," एवढंच म्हटलं. दुपारी त्यांच्या स्टोअरमधून दुसरा फोन आला की चीफ साहेबांनी आमचं मागचं बिल थांबवलंय. तो फोन जास्त लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हा कुठला पंप ते सांगते. उसाची चिपाडं बॉयलरमध्ये जळतात, त्यांची बारीक राख धुरासोबत चिमणीतून गावभर उडू नये म्हणून धुरावर पाणी मारतात. राख पाण्यात उतरते. ते काळं पाणी एका खड्ड्यात जमतं आणि तिथून पंप ते निवळीच्या टाक्यांकडे ढकलतो. नुसती राख असती तर फार त्रास नसता. पण उसासोबत शेतातली माती येते. पाऊस लांबला की पहिल्या महिन्यात तर मोळीला चिखलाचे गोळेच लटकलेले असतात. ती माती चिपाडातून भट्टीत जाते आणि शेवटी वाळू होऊन या खड्ड्यात उतरते. त्यात ऊस हे पीकच जमिनीतून सिलिका ओढणारं. कारखान्यात साखर सोडून जे काही गोळा होतं, त्यातलं सगळ्यात खरखरीत आमच्या पंपाच्या वाट्याला येतं.

पंप सहा बाय चारचा, म्हणजे पाणी ओढणारं सक्शन सहा इंची आणि बाहेर टाकणारी डिलिव्हरी चार इंची. इंपेलरचा व्यास ३५० मिलिमीटर, धातू हाय-क्रोम. दहा एचपीची मोटर, मधे व्ही-बेल्ट. इंपेलर आम्ही शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून ओतून घेतो, पॅटर्न (ज्यावरून ओतायचा साचा पाडतात तो नमुना) आमचा. आण्णांनी १९९१ मध्ये सागवानात करून घेतलेला पॅटर्न अजून आहे, दोन ठिकाणी लांबी भरलेला.

दुसऱ्या दिवशी हार्डनेस टेस्टर पिशवीत टाकून निघाले. रस्ताभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. एकेकाला ओव्हरटेक करताना मनात एकच चालू होतं: हीट ट्रीटमेंटला भट्टी कमी तापली असेल का? हाय-क्रोमचं तसंच असतं. ओतल्यावर नीट तापवून हवेत थंड केलं नाही तर दिसायला तोच, पण अंगात दम नाही.

हा दम म्हणजे काय, ते एकदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साधं बीड ब्रिनेल मापावर दोनशेच्या आसपास कठीण. वाळूतलं क्वार्ट्झ विकर्स मापावर साधारण अकराशे. मापं वेगळी आहेत, पण अंदाज येतो: वाळूपुढे बीड म्हणजे पेरू. हाय-क्रोममध्ये २५-२७ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचे कार्बाइडचे कण त्या लोखंडात पेरलेले असतात. हे कण क्वार्ट्झपेक्षाही कठीण. वाळू कार्बाइडवर घसरते आणि त्यांच्यामधल्या मऊ भागाला खाते. तो मऊ भाग कडक करायचा म्हणून हीट ट्रीटमेंट. ते चुकलं तर कार्बाइड असूनही उपयोग नाही, हिरड्या गेल्यावर दात पडावेत तसे ते सुटून येतात.

पंप हाऊसच्या दारात गोणपाटावर इंपेलर ठेवला होता. मामांनी खरंच धुतला नव्हता.

आधी वजन केलं. नवा देताना २१ किलो ४०० ग्रॅम होता, चलनावर लिहिलेलं असतं. आता १५ किलो ९०० ग्रॅम. साडेपाच किलो हाय-क्रोम चोवीस दिवसांत राखेबरोबर वाहून गेलं. मग एका पाकळीची जागा ग्राइंडरनं हलकेच साफ करून टेस्टर लावला. ५९ आला. परत लावला, ५८. हबजवळ ६०. रॉकवेल सी मापावर हाय-क्रोम जिथं असायला हवं तिथंच. मी मामांना आकडा दाखवला. त्यांनी मान हलवली, पण 'तुमचंच मशीन, तुमचाच आकडा' हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मीही त्यांच्या जागी तसंच म्हटलं असतं.

मग मी खाली बसले आणि इंपेलर नीट बघायला लागले.

आमच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला एक मांडणी आहे, तिच्यावर फक्त मेलेले इंपेलर आहेत. आण्णांची सवय. भंगारवाला दर महिन्याला आशेनं बघतो. प्रत्येकावर ऑइल पेंटनं तारीख, पंप कुठला, किती दिवस चालला. डिप्लोमा करून मी शेडवर यायला लागले तेव्हा आण्णांनी सहा महिने मला लेथला हात लावू दिला नाही. त्या मांडणीसमोर बसवायचे आणि विचारायचे, "हा कशानं मेला, सांग." मी म्हणायचे, वाळूनं. "वाळूनं सगळेच मरतात. कुठनं मेला?"

या इंपेलरच्या पुढच्या तबकडीवर, म्हणजे सक्शनच्या बाजूला, डोळ्याभोवती (पाणी आत शिरतं त्या मधल्या भोकाभोवती) गोल गोल चर पडले होते. ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. पाकळ्यांची तोंडं, जिथं पाणी आत शिरतं ती कड, पुढच्या तबकडीला चिकटून आतल्या बाजूनं कोरून निघाली होती. पाकळ्यांचा मधला भाग मात्र चांगला जाड होता. पाणी सुटतं ती बाहेरची कड धारदार झाली होती, पण एकसारखी. मग मी केसिंगमध्ये, म्हणजे इंपेलरभोवतीच्या कवचात, हात घातला. जिथून डिलिव्हरीला फाटा फुटतो त्या जिभेच्या मागे अंगठा जाईल एवढा खड्डा. बाकी केसिंग जवळपास नवं.

जीभ खाल्लेली आणि बाकी केसिंग शाबूत, याचा अर्थ एकच. पंप कमी पाण्यावर चालला आहे. पंपाला ज्या प्रवाहासाठी घडवलंय तेवढा प्रवाह असेल, तर पाणी जिभेच्या कडेनं सरळ निघून जातं. प्रवाह निम्म्यावर आणला की बाहेर न गेलेलं पाणी जिभेला वळसा घालून पुन्हा केसिंगमध्ये फिरतं, वाळू घेऊन. तीच वाळू पाच-सहा वेळा त्याच जागी घासते. डोळ्याजवळही तेच होतं: आत आलेलं पाणी परत सक्शनकडे उसळतं, पाकळीच्या तोंडाशी भोवरे तयार होतात, आणि ते कोरलेलं तोंड त्या भोवऱ्यांचं.

"मामा, व्हॉल्व्ह चेपलाय का?"

"थोडा. मोटर ट्रिप होती म्हनून."

"दहा एचपी कशी काय ट्रिप होते? पूर्वी दहा-अकरा अँपिअरच्या पुढं जात नव्हती."

मामा मोटरकडे बघत राहिले. मीही बघितलं. मोटरवरची पुली नवीकोरी होती, चकचकीत. टेप लावला, दहा इंच. आधी आठ होती.

इथं जरा थांबते, कारण सगळी गोष्ट या दोन इंचांत आहे. मोटर १४४० आरपीएम, पंपाची पुली बारा इंची. आठ इंची पुलीवर पंप ९६० नं फिरतो, दहावर १२०० नं. सव्वापट. ऐकायला काही वाटत नाही. पण सेंट्रिफ्युगल पंपात वेग सव्वापट केला की पाणी सव्वापट, हेड (पाणी चढवायची उंची) वेगाच्या वर्गानं म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त, आणि ताकद वेगाच्या घनानं, म्हणजे जवळपास दुप्पट. पाच-साडेपाच किलोवॉट घेणारा पंप दहा मागायला लागला, आणि दहा एचपीची मोटर म्हणजे साडेसात किलोवॉट. ट्रिप होणारच. ट्रिप थांबवायला व्हॉल्व्ह चेपला, पाणी कमी झालं, मोटर थंड झाली, सगळे खूश.

झीज मात्र खूश होऊन थांबत नाही. वाळूनं होणारी झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घातानं वाढते. घन धरला तर नुसत्या पुलीनं आयुष्य निम्मं. या पंपाला हंगामात दोन इंपेलर लागायचे, पंचाहत्तर-ऐंशी दिवसांना एक. म्हणजे वेगामुळे अडतीस-चाळीस दिवस राहायला हवे होते. चोवीसच राहिले. उरलेले पंधराएक दिवस चेपलेल्या व्हॉल्व्हनं खाल्ले. हा हिशेब अगदी तंतोतंत नसतो, माती रोज वेगळी असते, पण दिशा चुकत नाही.

"पन प्रेशर वाढलंय की ताई," मामा म्हणाले. "पयलं पावणेदोन किलो दावायचा, आता अडीचच्या वर हाय."

गेज पंप आणि व्हॉल्व्हच्या मधे होता. पंप व्हॉल्व्हवर डोकं आपटत होता, आणि गेज ते आपटणं दाखवत होता. पाणी किती जातंय हे गेज सांगत नाही.

गाळाच्या पंपात गेज अजून एका बाबतीत फसवतो. पंप हेड देतो ते मीटरमध्ये, म्हणजे त्याच द्रवाचा तेवढा उंच खांब. साध्या पाण्याचा २० मीटरचा खांब गेजवर दोन किलो दाखवेल. पाण्यात वाळू मिसळून ते १.३ पट जड झालं, तर तोच २० मीटरचा खांब दोन किलो सहाशे दाखवेल. प्रत्यक्षात गाळ ओढताना पंप पूर्ण २० मीटर देतही नाही. वाळूचे कण पाण्याच्या मागे रेंगाळतात, घासतात, ताकद खातात. कण जितके मोठे, जड आणि दाट, तितकं हेड पडतं, आणि त्याबरोबर कार्यक्षमताही पडते. लहान पंपात हा फटका जास्त बसतो. म्हणून पाण्यावरचा कर्व्ह (किती पाण्याला किती हेड याचा आलेख) बघून गाळाचा पंप निवडला की फसलात. गेज जास्त दाखवतो, पंप कमी काम करतो, आणि मधल्या फरकाचे पैसे वीज कंपनीला जातात.

गाळ किती दाट आहे हे बघायला मी नेहमी एक लिटरचं स्टीलचं माप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नेते. (घरातला काटा. आई पुरणाची डाळ मोजायला शोधते तेव्हा तो माझ्या बॅगेत असतो.) खड्ड्यातून ढवळून माप भरलं: १११० ग्रॅम. सगळं वाळू धरलं तर वजनात सोळा टक्के गाळ, पण आकारमानात जेमतेम सात टक्के. राख वाळूपेक्षा हलकी, त्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा, पण हा फार दाट गाळ नव्हे. गाळाला दोष देता येत नव्हता.

मग तोच झिजलेला इंपेलर तात्पुरता परत बसवून पाणी मोजलं. निवळीच्या टाकीपाशी पाइपाचं तोंड दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये वळवलं आणि मोबाइलवर वेळ लावला. पोरगं बॅरलजवळ, मी ओरडून 'बास' म्हणायला. एकोणीस सेकंद. म्हणजे तासाला ३८ घनमीटर. चार इंची पाइपात त्याचा वेग सेकंदाला १.३ मीटर पडतो.

आणि हेच मामांच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर होतं, जी त्यांनी मला अजून सांगितलीच नव्हती. पाइपलाइन आठवड्यातून एकदा तुंबत होती, ती खोलून काठीनं मोकळी करावी लागत होती. वाळू पाण्याबरोबर तरंगत जायची तर पाण्याला एक किमान वेग लागतो, त्याखाली ती तळाशी बसते. ड्यूरँड नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १९५० च्या दशकात यासाठी सूत्र दिलं, ते अजूनही वापरात आहे. चार इंची पाइप आणि वाळूसाठी तो वेग दोन मीटरच्या आसपास निघतो. आपण १.३ वर. बारीक राख निघून जात होती, शेतातली वाळू पाइपात मुक्कामाला थांबत होती.

म्हणजे पाणी वाढावं म्हणून मोठी पुली घातली आणि शेवटी पाणी घटलं. मला हसू आलं, पण तिथं हसायची सोय नव्हती. चीफ साहेब येऊन उभे राहिले होते.

"पुली कुणी बदलली?" त्यांनी विचारलं. मामा गप्प. मला वाटलं आता या माणसावर येणार, म्हणून मीच म्हटलं, "साहेब, पुली कुणी बदलली त्यापेक्षा का बदलली ते बघू या."

का बदलली हे कळायला अर्धा तास लागला. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी कमी पडायला लागलं होतं, खड्डा भरून वाहत होता, बॉयलरवाले ओरडत होते. कुणीतरी डोकं चालवलं. पण नोव्हेंबरमध्ये पाणी कमी का झालं? तेव्हा तर याच्या आधीचा इंपेलर होता, आणि तोही नवाच होता.

इंपेलरवरच्या त्या ग्रामोफोन चरांचा अर्थ इथं लागतो. गाळाच्या पंपात इंपेलरच्या पुढच्या तबकडीसमोर एक बदलता येणारी थाळी असते, आम्ही तिला थ्रोट बुश म्हणतो. दोघांमध्ये फट ठेवायची असते, अर्धा ते एक मिलिमीटर. पाणी केसिंगमध्ये दाबाखाली असतं, सक्शनला दाब कमी, त्यामुळे पाणी या फटीतून सतत मागे पळायला बघतं. तबकडीच्या पाठीवरच्या छोट्या पात्या ते बाहेर झटकतात, तरी थोडं जातंच. जाताना वाळू नेतं. वाळू फट रुंद करते, रुंद फटीतून जास्त पाणी, जास्त वाळू. एकदा सुरू झालं की व्याजावर व्याज. मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पोलादी पानांचा जुडगा) घातला. शेवटी सगळी पानं एकत्र करून घालावी लागली: पावणेसहा मिलिमीटर. इंपेलर जेवढं पाणी ढकलत होता त्यातलं बरंच फिरून त्याच्याच तोंडात येत होतं.

यावर उपाय आहे आणि तो पंपात बसवूनच दिलेला असतो. बेअरिंगचा अख्खा डबा मागच्या एका स्क्रूनं पुढे सरकतो. क्लॅम्प सैल करायचे, बेल्ट हातानं फिरवत स्क्रू आवळत जायचा, इंपेलर थाळीला घासल्याचा 'खर्र' आवाज आला की थांबायचं, थोडं मागं घ्यायचं, क्लॅम्प आवळायचे. चहा थंड व्हायच्या आत होतं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा केलं तर फट कधी दोन मिलिमीटरच्या वर जात नाही. त्या स्क्रूवर इतका गंज आणि रंगाचा थर होता, की तो गेल्या दोन हंगामांत तरी कुणी हलवला नसावा. ऑफ सीझनला पंप रंगवला होता, स्क्रूसकट. छान निळा.

इथं मी कारखान्याला नाव ठेवून मोकळी झाले असते, पण एक गोष्ट मला खटकली: हा स्क्रू आवळायचा असतो हे आमच्या चलनावर, बिलावर, कुठंच लिहिलेलं नव्हतं. आण्णा तोंडी सांगायचे. ज्या फिटरला ते सांगायचे तो कधीच निवृत्त झाला. मामा आधी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर होते, तिथं असला स्क्रू नसतो. मग त्यांनी कुठून आवळायचा?

शेतीच्या पंपांवर आम्ही हेच वेगळ्या रूपात बघतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या शेडबाहेर नदीकाठच्या मोनोब्लॉक पंपांची रांग लागली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी मोटरी वेळेत वर ओढल्या त्यांच्या वाचल्या, बाकीच्यांच्या गाळात. पण मला म्हणायचंय ते बुडालेल्या पंपांबद्दल नाही. ज्यांचे पंप वाचले, त्यांनी पूर ओसरल्याबरोबर गढूळ पाण्यावर चालू केले, ते दिवाळीपर्यंत आमच्याकडे आले. "पाणी चढंना झालंय." उघडलं की इंपेलर दिसायला ठीक, पण इंपेलरच्या तोंडाभोवती असते त्या वेअर रिंगची (झिजण्यासाठीच बसवलेल्या कडीची) फट, जी पाव-अर्धा मिलिमीटर असते, ती दीड-दोन. बीडाचा इंपेलर, बीडाची रिंग, आणि मधे पुरानं आणलेली रेती. एक काका आले, त्यांनी स्वतःच शहाणपणानं गनमेटलचा (तांब्या-कथिलाच्या मिश्रधातूचा) इंपेलर घातला होता, महाग म्हणजे चांगला या हिशेबानं. गनमेटल गंजत नाही हे खरं, पण वाळूपुढं ते बीडापेक्षाही मऊ. सांगायला जिवावर आलं.

मग रबर का नाही, असं चीफ साहेबांनी विचारलं. चांगला प्रश्न होता. रबर वाळूपेक्षा किती तरी मऊ, तरी बारीक, गोल कणांच्या गाळात नैसर्गिक रबराचं अस्तर कधी कधी हाय-क्रोमच्याही वर टिकतं. कण येऊन आदळतो, रबर दबतं आणि त्याला परत उडवून देतं, जखम होत नाही. ट्रकचा टायर खडीवर हजारो किलोमीटर टिकतो आणि त्याच खडीवर घासलेला मडगार्डचा पत्रा महिन्यात जातो, तसंच. पण टायरलाही धारदार काच पुरते. रबर असलेल्या पंपात खिळा, नट किंवा क्लिंकरचा (भट्टीत वितळून घट्ट झालेल्या राखेचा) कोपरेदार खडा गेला की अस्तराला चिरा पडतात आणि मग ते कातड्यासारखं सोलून येतं. तेल आणि उष्णता दोन्ही त्याला चालत नाहीत. स्क्रबरचं, म्हणजे धुरावर मारलेलं, पाणी गरम, आणि खड्ड्यात वेल्डिंग रॉडचे तुकडे मी स्वतः बघितलेत. म्हणून इथं हाय-क्रोमच बरं.

धातूंमध्येही कण कोणत्या कोनातून येतो यावर बरंच असतं. इयान फिनी यांनी १९६० साली यावर काम केलं: मऊ, लवचीक धातू कण तिरपा, वीस-तीस अंशांतून घासत आला की सर्वात जास्त कापला जातो, आणि ठिसूळ वस्तू समोरून आदळला की फुटते. हाय-क्रोम या दोहोंच्या मधे. मला हे पुस्तकात वाचण्याआधी आण्णांच्या मांडणीवर दिसलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं: साध्या पोलादाच्या इंपेलरवर माशाच्या खवल्यांसारख्या लाटा, निहार्डच्या (निकेल घातलेल्या कडक, ठिसूळ बीडाच्या) इंपेलरवर टवके.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही काय केलं ते थोडक्यात. स्टोअरमधून जुनी आठ इंची पुली शोधली, ती सापडली टायपिस्टच्या टेबलाखाली, पाय ठेवायला. नवा इंपेलर, नवी थाळी बसवली. स्क्रू रॉकेल घालून, हातोडीनं मनधरणी करून सोडवला, फट पाऊण मिलिमीटर. केसिंगच्या जिभेला हार्डफेसिंगचं (वरून कडक धातूचा थर चढवायचं) वेल्डिंग करायचा मोह झाला होता, पण हाय-क्रोमला वेल्ड लावलं की शेजारी तडे जायची भीती. तसंच चालू दिलं. ग्लँडची दोरी (शाफ्टच्या कडेनं पाणी गळू नये म्हणून ठासतात ती) बदलली आणि ग्लँडला स्वच्छ पाण्याची लाइन परत जोडली. ती कुणीतरी बंद करून ठेवली होती, 'पाणी वाया जातं' म्हणून. त्यामुळे शाफ्टच्या स्लीव्हवर दोरीनं चर पाडले होते.

पंप चालू करायच्या आधी बेल्ट काढून मोटरचं फिरणं बघितलं. हे मी कधीच सोडत नाही. या पंपांत इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो. मोटर उलटी फिरली की तो स्वतःला सोडवून पुढं येतो आणि थाळीवर आदळतो. एका ठिकाणी वायरमननं दोन फेज अदलाबदल केले होते. सहा हजार रुपयांचा इंपेलर चार सेकंदांत फुटलेला मी पाहिलाय, आणि तो आवाज अजून कानात आहे.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. मोटर साडेदहा अँपिअर. गेज पावणेदोन. मामांचं तोंड पडलं, अडीचवरून पावणेदोन. मग बॅरल लावलं. बारा सेकंद.

मामांनी परत भरून बघितलं. बारा.

तासाला साठ घनमीटर, पाइपात २.१ मीटर वेग. रात्रभरात खड्डा इतका खाली गेला, की पंप हवा ओढायला लागला आणि घोरायला लागला. तेही वाईट, कारण हवेचे बुडबुडे घेऊन चालणारा पंप थरथरतो आणि बेअरिंग मारतो. म्हणून खड्ड्यात थोडं जास्तीचं पाणी सोडायची लाइन जोडून पातळी धरून ठेवली. याचं श्रेय मामांचं, मी तोवर घरी जाऊन झोपले होते.

पंप हाऊसच्या भिंतीवर मामांनी आता कोळशानं तारखा लिहायला सुरुवात केलीय. दर पंधरा दिवसांनी स्क्रू किती आटे फिरला. एकदा अर्धा, एकदा पाऊण, एकदा 'सुट्टी'. मार्चच्या शेवटी गळीत संपलं तेव्हा मी जाऊन इंपेलर काढला. ७१ दिवस. वजन १७ किलो १०० ग्रॅम. पुढच्या तबकडीवर चर आहेत पण उथळ, पाकळ्यांची तोंडं गोल झालीत, कोरलेली नाहीत. बाहेरची कड झिजलीय, एकसारखी. केसिंगची जीभ जानेवारीत होती त्याहून फार गेली नाही. हा इंपेलर अजून महिनाभर चालला असता. मांडणीवर त्याला चोवीस दिवसांच्या भावाशेजारी ठेवलाय, दोघांवर ऑइल पेंटनं नुसतं '९६०' आणि '१२००' लिहून.

ऑफ सीझनमध्ये खड्ड्याला एक आडवी भिंत घालून जड वाळू आधीच बसवायची, म्हणजे ती पंपापर्यंत येणारच नाही, असं साहेबांच्या डोक्यात आहे. कल्पना चांगली आहे, फक्त ती बसलेली वाळू कोण आणि कशानं उपसणार ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी त्याचं कोटेशन मागितलंय. मी काल पाठवलं. स्क्रू आवळायच्या सूचना मराठीत, चित्रासकट, चलनाच्या मागच्या बाजूला छापून घेतल्यात, त्याची एक प्रत जोडली. आणि कोटेशनच्या अटींमध्ये सगळ्यात वर एक ओळ टाकली: डिसेंबरमधील थांबवलेल्या बिलाची रक्कम प्रथम अदा करावी.